कार्ल्याचा शिलालेख आणि इंग्रजी वाक्याचा शेवट

इंग्रजी भाषा मावळात प्रथम आली ती पुस्तकांच्या पेटीतून नव्हे, तोफांच्या गाड्यांबरोबर आली. रघुनाथरावांस पुण्याचा कारभार मिळवून देण्याच्या निमित्ताने मुंबईकर इंग्रजांची जी फौज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून वर आली, तिच्यातील नामांकित सरदार कॅप्टन स्टुअर्ट हा ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळच्या लढाईत पडला, आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आतच महादजी शिंद्यांच्या व पुणे दरबारच्या फौजांनी कोंडून धरलेल्या त्या सैन्याच्या वतीने वडगाव येथे तहनामा लिहून द्यावा लागला. शत्रूच्याही शौर्याची कदर करणाऱ्या मराठी शिपायांनी स्टुअर्टचा ‘इष्टुर फाकडा’ केला, व त्याच नावाने मावळात तो अद्यापि ओळखला जातो. परक्या भाषेतले नाव आपल्या जिभेच्या वळणावर आणणे त्या शिपायांना जितके सहज साधले, तितके सहज परक्या भाषेचे व्याकरण हाताळणे पुढील पिढ्यांतील विद्वानांना साधले नाही. किंबहुना, खुद्द इंग्रज विद्वानांनाही स्वतःच्या भाषेचे नियम लिहिताना परक्या भाषेचा अंमल झुगारून देणे कठीण गेले. त्या अंमलाखाली जन्मलेल्या एका लहानशा नियमाची हकीकत येथे सांगावयाची आहे.

तो नियम इंग्रजी शिकलेल्या बहुतेक मराठी माणसांच्या परिचयाचा आहे. इंग्रजीत ज्याला प्रेपोझिशन म्हणतात आणि आमच्या शाळांतून ज्याची ओळख शब्दयोगी अव्यय या नावाने करून दिली जाते, ते वाक्याच्या शेवटी येता कामा नये. ‘द हाऊस आय लिव्ह इन’ असे लिहिणे गावंढळपणाचे आणि ‘द हाऊस इन विच आय लिव्ह’ असे लिहिणे शुद्ध, अशी ही शिकवण. पहिल्या प्रकारच्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढणारे शिक्षक आजही आहेत, आणि तशी रेघ ओढली जाईल या धास्तीने अर्जातले साधे वाक्य उलटेपालटे करणारे कारकूनही आहेत. हा नियम इंग्रजी भाषेच्या प्रकृतीतून निघालेला नाही व म्हणून तो पाळण्याचे बंधन कोणावरही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु नुसते मत सांगून भागत नाही. नियमाला सनद कोणी दिली हे पाहिल्यावाचून ती रद्द समजण्याचा अधिकार येत नाही.

त्यासाठी आधी वेहेरगावच्या पायऱ्या चढून कार्ल्याच्या लेण्यापर्यंत जाणे इष्ट आहे. एकवीरा देवीच्या देवळापाशी चैत्यगृहाचे मुख आहे. पुढे सिंहस्तंभ, मग ओसरी, आणि आत सुमारे १२४ फूट लांबीचा तो प्रचंड मंडप, ज्याच्या छताच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षे टिकून राहिल्या आहेत. सिंहस्तंभावर, ओसरीच्या भिंतींवर आणि आतील खांबांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत दात्यांची नावे कोरलेली आहेत. ओसरीतल्या एका लेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले व ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे सांगितले आहे. लेखातील पहिलाच शब्द ‘वेजयंतितो’ असा आहे. वैजयंती म्हणजे कानडी मुलखातील बनवासी. तेथून आलेला हा शेठ, आणि ‘तेथून’ हा अर्थ सांगणारा ‘तो’ हा अंश गावाच्या नावाच्या शेवटी लागलेला. आज आपण ‘वैजयंतीहून’ म्हणतो, त्यातला ‘हून’ त्याच जागी उभा आहे. आतील एका खांबावर धेनुकाकट येथील सिंहध्वज नावाच्या यवनाने तो खांब दान दिल्याची नोंद आहे. ‘यवनस’ या रूपातील ‘स’ जिथे आहे तिथेच आज आपला ‘चा’ येतो. प्रत्यय बदलले, भाषा बदलली, राज्ये किती आली व गेली, परंतु या डोंगरावर नामाचा वाक्याशी असलेला संबंध नामाच्या पाठीवरच बसत आला आहे. हे यवन ग्रीक वंशाचे असोत किंवा नुसते त्या नावाने ओळखले जाणारे असोत, ग्रीक भाषेत असले संबंधवाचक शब्द नामाच्या आधी येतात म्हणून मावळातल्या पाथरवटाने आपली वाक्यरचना फिरवली नाही. दान यवनाचे, पण भाषा या भूमीची.

याच लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने येथील भिक्षुसंघास करजिक हे गाव दिल्याचा लेख आहे, आणि पुढे सातवाहन राजाने मामाल प्रांताच्या अमात्यास पाठविलेली आज्ञाही भिंतीवर कोरलेली आहे. मामाल म्हणजे आजचे मावळ. इनामाची सनद, अधिकाऱ्यास हुकूम, दप्तरी नोंद, हा सारा शिरस्ता इतका जुना आहे. आणि तो ज्या गद्यात लिहिला आहे ते गद्य अत्यंत साधे, मोजके आणि स्वतःच्या भाषेच्या चालीने चालणारे आहे, याचे मला प्रत्येक वेळी कौतुक वाटते.

हे लेख वाचून इंग्रजीत उतरविण्याचा उद्योग ज्यांनी एकोणिसाव्या शतकात केला, त्यांत रेव्हरंड जॉन स्टीव्हन्सन या स्कॉच मिशनऱ्याचे नाव या हकीकतीत मुद्दाम घेतले पाहिजे. १८२३ मध्ये तो मुंबईस आला, कोकणात व पुण्यास राहिला, आणि १८३३ मध्ये त्याने मराठी व्याकरणाची तत्त्वे सांगणारा आपला इंग्रजी ग्रंथ मुंबईत छापला. पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्याने कान्हेरी, नाशिक आणि सह्याद्रीतील इतर लेण्यांच्या लेखांवर निबंध लिहिले, त्यांत कार्ल्याचे लेखही आले. मराठीचे व्याकरण लिहिणारा आणि कार्ल्याचा शिलालेख वाचणारा मनुष्य एकच असावा, हा योग सामान्य नव्हे. शिलालेखाचा ठसा समोर ठेवून ‘वेजयंतितो’चे इंग्रजी करताना गावाच्या नावामागून येणारा संबंध उचलून त्याला नावाच्या आधी मांडावा लागला असणार, आणि मराठीचे व्याकरण लिहितानाही हीच उलथापालथ त्याला पानोपानी करावी लागली असणार. देशी भाषांच्या वाक्यरचनेची मुळे केवळ संस्कृतात नसून संस्कृतपूर्व लोकभाषांतही शोधली पाहिजेत, असा सिद्धांत त्याने मांडला. तो सिद्धांत सर्वस्वी टिकला नाही. पण मराठीला संस्कृताच्या साच्यात कोंबण्यापूर्वी तिच्या स्वतःच्या ठेवणीकडे पाहिले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी मोलाची होती.

आता याच दृष्टीचा अभाव इंग्लंडात काय करून गेला ते पाहू. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज साहित्यिकांना आपली भाषा ओबडधोबड, अनियमित वाटू लागली होती. लॅटिनला व्याकरण होते, आणि त्या व्याकरणाला दीड हजार वर्षांची प्रतिष्ठा होती. इंग्रजीला बोलणारे होते, शेक्सपिअर होता, पण व्याकरणाचे सर्वमान्य दप्तर नव्हते. अशा काळात राजकवी जॉन ड्रायडन याने १६७२ मध्ये आपल्या एका नाटकाबरोबर जो समीक्षात्मक निबंध छापला, त्यात पूर्वसूरी बेन जॉन्सनच्या भाषेतले दोष काढताना वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन ठेवण्याची त्याची खोड दाखवून दिली, आणि तोच दोष आपल्याही लेखनात असल्याचे आपल्या नुकतेच ध्यानात आले, असेही लिहिले. हा केवळ तोंडदेखला पश्चात्ताप नव्हता. नाट्यकाव्यावरील त्याचा प्रसिद्ध निबंध १६६८ चा. १६८४ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली तेव्हा ड्रायडनने ठिकठिकाणी वाक्यांच्या शेवटी राहिलेली ती अव्यये उचलून आत नेली. आपण ज्या युगात जगतो ते युग, या अर्थाचा जो शब्दसमूह पूर्वी ‘इन’ने संपत होता, त्यात ‘इन’ पुढे आले आणि ‘विच’ जोडीला आले.

जॉन्सन काही अडाणी लेखक नव्हता, आणि ड्रायडनच्या काळापर्यंत असल्या वाक्यांनी क्वचितच कोणाच्या कानाला त्रास झाल्याचे दिसते. मग ड्रायडनला यात दोष दिसला तो कशामुळे? त्याने आपल्या निबंधात कारण दिलेले नाही; पण १६७९ मध्ये दुसऱ्या एका नाटकाच्या अर्पणपत्रिकेत त्याने अशी कबुली दिली आहे, की आपले इंग्रजी बरोबर आहे की नाही याची शंका आली म्हणजे ते लॅटिनमध्ये भाषांतरित करून पाहण्याखेरीज आपल्यापाशी दुसरा उपाय नसतो. सर्व हकीकतीचे मर्म या कबुलीत आहे. लॅटिनमध्ये प्रेपोझिशन आपल्या नामापासून तुटून वाक्याच्या टोकाला जाऊ शकत नाही. म्हणून ड्रायडनने लॅटिनच्या तराजूत घातलेले असे प्रत्येक इंग्रजी वाक्य कमी भरले. त्या तराजूचाही एक अपवाद होता, व तो लॅटिन पंडिताला ठाऊक असलाच पाहिजे: ‘सह’ या अर्थाचा ‘कुम’ हा शब्द सर्वनामांबरोबर येतो तेव्हा तो सर्वनामाच्या पाठीला चिकटतो, ‘मेकुम’ म्हणजे माझ्याबरोबर. अर्थात तो वाक्याच्या अंतापर्यंत पळत नाही. पण ‘आधी येणे’ हा या शब्दांचा ईश्वरदत्त धर्म नव्हे एवढे त्यावरून दिसते.

येथे पाणिनीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. प्र, परा, अप इत्यादी उपसर्ग धातूच्या आधी येतात असा नियम त्याने सांगितला, आणि लगेच पुढच्या दोन सूत्रांत, वेदात ते धातूच्या नंतरही येतात, आणि मध्ये दुसरे शब्द घालून लांबही राहतात, हे नमूद करून ठेवले. त्याला आपल्या काळची भाषा आणि वेदाची भाषा यांत अंतर दिसले. त्याने वेदाला अशुद्ध ठरविले नाही, आणि आपल्या काळच्या भाषेला वेदाप्रमाणे वागावयास लावले नाही. जे आहे ते त्याने लिहिले. ड्रायडनच्या इंग्लंडापाशी बुद्धी कमी नव्हती, पाणिनीची ही वृत्ती मात्र नव्हती.

ड्रायडनच्या मताचा नियम होण्यास शंभर वर्षे लागली. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मोपदेशकाने, जो पुढे लंडनचा बिशप झाला, इंग्रजी व्याकरणाची एक छोटी पुस्तिका लिहिली. नियमाचे सर्व खापर पुष्कळदा या लाउथच्या माथी फोडले जाते, पण तो अन्याय आहे. त्याने असे लिहिले की वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन ठेवण्याकडे आपल्या भाषेचा ओढाच आहे. सामान्य संभाषणात ही रीत सर्रास चालते आणि घरगुती लेखनशैलीस ती शोभते. मात्र गंभीर व उदात्त शैलीत अव्यय आधी घेतल्याने वाक्य अधिक डौलदार होते. आणि ओढ्याची गोष्ट सांगणारे त्याचे स्वतःचे वाक्यही प्रेपोझिशनवरच संपते. इतका समंजस निर्णय त्या काळच्या दुसऱ्या व्याकरणात क्वचित सापडेल.

परंतु १७९५ मध्ये लिंडले मरे याचे व्याकरण निघाले. मरे मूळचा अमेरिकन, न्यूयॉर्कात वकिली करून पुढे इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झालेला, प्रकृतीने दुबळा पण अत्यंत सच्छील गृहस्थ. क्वेकर पंथाच्या मुलींच्या शाळेसाठी त्याने हे पुस्तक रचले, आणि त्यात लाउथचे पुष्कळसे विवेचन जसेच्या तसे घेतले. ते वाक्य घेताना मात्र त्याने त्यातले शेवटचे अव्यय उचलून आत नेले, म्हणजे लाउथने ज्या रीतीला जागा दिली होती ती रीत लाउथच्याच वाक्यातून काढून टाकली. मत सौम्य ठेवून उदाहरण कठोर करावे, की शाळकरी मुले उदाहरणच पाठ करतात आणि मत विसरतात. मरेच्या व्याकरणाचा खप अफाट झाला. इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांसाठी त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, आणि कंपनी सरकारच्या अमलाबरोबर ते हिंदुस्थानातही पोचले.

मुंबईत ते ज्यांच्या हाती पडले त्यांत दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. १८१४ मध्ये जन्मलेले दादोबा अवघे बावीस वर्षांचे असताना, १८३६ मध्ये, त्यांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांनी पत्करली हे उघड आहे. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार प्रकारची अव्यये अशा शब्दांच्या ज्या आठ जाती आमची मुले आजही घोकतात, त्या इंग्रजी व्याकरणाच्या वळणावरच घडलेल्या आहेत. या अनुकरणाबद्दल पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्यांनी दादोबांवर टीका केली, आणि १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांनी आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त साऱ्या प्रश्नाची नव्याने छाननी केली. तो वाद येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. पण दादोबांच्या बाजूची एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. मरेची जात त्यांनी घेतली, मरेची जागा घेतली नाही. इंग्रजीतल्या त्या शब्दांची व्याख्याच ‘नामापूर्वी येणारे’ अशी असताना, मराठीत वर, खाली, पुढे, साठी, विषयी हे शब्द नामाच्या नंतर येतात हे पाहून त्यांनी त्यांना तेथेच राहू दिले. बावीस वर्षांच्या तरुणाने, राज्यकर्त्यांच्या भाषेचा ग्रंथ समोर उघडा असताना, एवढा विवेक राखला. जो विवेक पन्नाशीच्या घरातल्या ड्रायडनला लॅटिनसमोर राखता आला नाही.

मग तरीही हा नियम मराठी माणसाच्या इंग्रजीत इतका घट्ट का बसला? राज्यकर्त्यांचा धाक हे एक कारण झाले. पण दुसरे, अधिक खोल कारण आमच्याच भाषेत आहे असे मला वाटते. मराठीत संबंधदर्शक प्रत्यय वा अव्यय नामाला सोडून कधीच दूर जात नाही. ‘ज्या घरात मी राहतो’ या रचनेत ‘त’ हा ‘घरा’ला धरूनच राहणार, ‘मी राहतो’च्या पुढे तो एकटा उभा राहूच शकत नाही. म्हणून दादोबांच्याच आडनावाच्या दुसऱ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांनी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत नेताना ‘ज्यात’ म्हणजे ‘इन विच’, ‘ज्यावर’ म्हणजे ‘ऑन विच’, ‘ज्याच्याविषयी’ म्हणजे ‘अबाउट हूम’ अशा जोड्या जुळविल्या, तेव्हा त्या तंतोतंत जुळल्या. उलट ‘द हाऊस आय लिव्ह इन’ मधला तो लोंबकळणारा ‘इन’ त्यांना बेवारस वाटला. लॅटिनच्या तराजूत इंग्लंडात जे वाक्य कमी भरले, ते मराठीच्या तराजूत येथेही कमीच भरले. आणि मरेचा नियम आमच्या विद्यार्थ्याला जाचक वाटण्याऐवजी आपलासा वाटला.

परंतु मराठीला दुसरी एक रचना आहे, आणि बोलताना आपण बहुधा तिचाच उपयोग करतो. कार्ल्याला जाणारा प्रवासी मळवलीस उतरतो. तो घरी येऊन, ‘ज्या स्टेशनावर मी उतरलो ते स्टेशन लहान होते’ असे सांगत नाही; ‘मी उतरलो ते स्टेशन लहान होते’ असे सांगतो. ‘आम्ही बसलो ती ओसरी’, ‘तू आलास ती गाडी’, ‘मी लिहितो ती लेखणी’. या सर्वांत ‘वर’, ‘ने’, ‘त’ हे संबंध सांगणारे अंश आपण सरळ गाळून टाकतो, आणि ऐकणाऱ्याला ते प्रसंगावरून कळतात. इंग्रज मनुष्य याच जागी ‘द स्टेशन आय गॉट ऑफ अ‍ॅट’ म्हणतो. त्यालाही ‘ज्या’ची जड पालखी नको आहे, तीही त्याने आपल्यासारखीच टाकून दिली. पण त्याची भाषा संबंध गाळू देत नाही, म्हणून तेवढा एक ‘अ‍ॅट’ त्याने वाक्याच्या अखेरीस जपून ठेवला. आपण जेथे गाळतो तेथे तो शेवटी ठेवतो, इतकाच भेद. या दृष्टीने पाहिले म्हणजे तो ‘अ‍ॅट’ बेवारस न वाटता, इंग्रजीने आपल्या पद्धतीने केलेली काटकसर वाटू लागतो.

शिवाय कितीएक वाक्यांत त्याला हलविण्याची सोयच नाही. इंग्रजीत क्रियापद आणि अव्यय यांची कायमची जोडी जमून एकच अर्थ तयार होतो. ‘लाफ अ‍ॅट’ म्हणजे हसणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे. त्या जोडीचा कर्मणी प्रयोग केला की अव्यय आपोआप टोकाला येते: ‘ही वॉज लाफ्ड अ‍ॅट’, ‘द चिल्ड्रन वेअर वेल लुक्ड आफ्टर’. ‘व्हॉट इज इट फॉर?’ या चार शब्दांच्या प्रश्नातही ‘फॉर’ पुढे आणल्यास जे उरते ते कोणी इंग्रज तोंडातून काढणार नाही.

इंग्लंडात या नियमाविरुद्ध निर्णायक शब्द उच्चारला तो हेन्री वॉटसन फाउलर याने, १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात. ज्याच्या नावाचा दरारा शुद्ध लेखनाविषयी सर्वांत मोठा, त्यानेच ही जपून ठेवलेली एक अंधश्रद्धा असल्याचे स्पष्ट सांगितले, आणि अव्यय शेवटी ठेवण्याची ही मोकळीक इंग्रजीचे एक बहुमोल बळ आहे असे प्रतिपादन केले. त्यानंतरच्या जबाबदार कोशकारांपैकी व व्याकरणकारांपैकी कोणी तो नियम उचलून धरल्याचे माझ्या वाचनात नाही. आमच्याकडे मात्र मरेची छाया उतरण्यास वेळ लागला, व काही वर्गांतून ती अजून उतरलेली नाही.

शिक्षकाने म्हणून काय करावे, तर लाउथने जे म्हटले होते तेच विद्यार्थ्यास सांगावे. कायद्याच्या मसुद्यात, सनदेत, औपचारिक अहवालात ‘इन विच’ शोभते, तेथे ते लिहावे. पत्रात, गोष्टीत, संभाषणात अव्यय शेवटी येत असेल तर येऊ द्यावे. आणि जेथे दोन्ही रचना सारख्याच स्पष्ट असतील तेथे कानाला विचारावे. एक खबरदारी मात्र मावळातल्या, किंबहुना कोठल्याही मराठी मुलाला अवश्य शिकवावी. आपल्या बोलीत संबंध गाळण्याची सवय असल्यामुळे ‘मी उतरलो ते स्टेशन’ याचे इंग्रजी करताना तो ‘द स्टेशन आय गॉट ऑफ’ एवढेच लिहून थांबतो, आणि ‘अ‍ॅट’ विसरतो. शेवटी अव्यय येणे ही चूक नव्हे; ते मुळीच न येणे ही खरी चूक आहे, आणि तांबडी शाई तिच्यासाठी राखून ठेवावी.